उजेडाचं टेबल

आई ज्या इमारतीत कॉडचे तुकडे उजेडावर धरायची
त्याच इमारतीत, एक मजला वर, मी फाइली तपासते.
क्लाक्सविकचं बंदर-कार्यालय. खाली आता नुसतं गोदाम.
वास मात्र गेलेला नाही;
दमट दिवशी जिन्यानं वर येतो
आणि कीबोर्डपाशी बसून राहतो.

टेबलाला काच होती, काचेखाली दिवे.
सात बायका, पांढऱ्या टोप्या, हातात चिमटे.
मासा काचेवर ठेवला की आरपार दिसायचा,
आणि त्यात कुठेतरी, स्वल्पविरामाएवढी,
गुंडाळी करून बसलेली अळी.
पाच सेकंदांना एक तुकडा. डोळ्यात तेल घालून.
घरी आली की आई आम्हाला दिवा लावू द्यायची नाही.

मी निळी पट्टी सरकताना बघते.
ग्रिम्सबीचे भाव, वेधशाळेचे नकाशे,
खलाशांच्या याद्या, इंजिनाची बिलं,
कुणाच्या तरी बारशाचे एकशेबारा फोटो.
त्रेचाळीस टक्के. अजून त्रेचाळीस.
हानुस दारात उभा, बूट न काढता,
बोटीचं इंजिन तसंच चालू ठेवून:
"झालं का गं? तोवर नकाशा शिळा होईल."
थांब म्हटलं. थांबला. फरशीवर दोन तळी झाली.

मागच्या महिन्यात एक बिल आलं होतं.
शिक्का बरोबर, रक्कम बरोबर, शेवटी 'आपला नम्र'.
तपासणी म्हणाली, स्वच्छ.
सकाळी अख्ख्या बंदराचे हिशेब कुलपात
आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी, एकही चूक नसलेली.
नऊ दिवस आम्ही माशांची वजनं पेन्सिलीनं लिहिली.
आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली,
खोल गेलेली अळी उजेडाला सापडत नाही,
हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगायचे.
मग विचारलं, जेवलीस का.

हानुसचा नकाशा स्वच्छ निघाला. तो गेला.
त्याच्या मागची फाइल लाल झाली.

त्रोंदुर फेब्रुवारीत वारला.
त्याच्या मुलीनं ऑर्हुसहून लिंक पाठवली होती:
बाबांच्या कॉम्प्युटरवर होतं, तुमच्या कामाचं असेल.
एवढीशी फाइल, एका फोटोहून लहान.
मी कारण उघडून पाहिलं; एरवी पाहत नाही.
ओळखीचा विषाणू नाही. कुणाची सही नाही.
जगात दुसऱ्या कुणाकडेही आढळली नाही,
सबब संशयास्पद.

ऐकतोस का, त्रोंदुर?
चष्म्याला रबर बांधून वीस वर्षं तू
सामुद्रधुनीतली ओढ कधी पूर्वेला वळते, कधी पश्चिमेला,
वहीत टिपत राहिलास, आणि वहीवरून हे रचलंस.
दुसऱ्या कुणाकडे कसं असेल?

तरी मुलीला फोन केला. हो, मीच पाठवलं, ती म्हणाली,
तुझ्यासारखंच, वाक्याच्या मध्येच श्वास घेत.
तरीही. मेलेल्याचं नाव घेऊन
दार वाजवणारे मी पाहिलेत.

काळा ठिपका दिसला की लगेच कापायचं नाही, आई सांगायची.
कधी नुसतं साकळलेलं रक्त असतं.
बोटाच्या टोकानं दाबून बघायचं.

कपाटातला जुना लॅपटॉप काढला,
ना वायफाय, ना तार, कुणाशी बोलणं नाही.
पेनड्राइव्हवरून फाइल त्यात सोडली.
काळा पडदा, हिरवी अक्षरं, पहिल्याच ओळीत शुद्धलेखनाची चूक:
तारिख सांग.
सांगितली.
ओढ वळेल ४.४०. डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

माझ्या कामाच्या कॉम्प्युटरवर ती फाइल
अजून विलगीकरणातच आहे. राहू दे.

चार पस्तीसला बाहीनं खिडकी पुसली.
कुणाचा तरी पिवळा क्रेट पाण्यात पडला होता,
पूर्वेकडे चालला होता, घाईघाईनं.
चाळीस झाले. चाललाच होता.
शेहेचाळीसला तो जागच्या जागी फिरायला लागला,
मग हळूच, उलटा.

सहा मिनिटं, त्रोंदुर.
लिहून ठेवते. पेन्सिल इथेच आहे.